संस्कृती पडद्यावर नेमकी कुठे दिसते?

नमस्कार. एखाद्या देशाची संस्कृती चित्रपटात कशी उमटते, असे विचारले की लक्ष आधी पोशाख, सण आणि देवळांकडे जाते. माझ्या मते ती त्याहून अधिक कथेच्या बांधणीत मुरलेली असते. कोणता प्रसंग गाळायचा आणि पात्राची वाट कोणी अडवायची, हे ठरवतानाच दिग्दर्शक आपल्या समाजाविषयी बोलत असतो.

यासुजिरो ओझू यांचा १९४९ सालचा 'लेट स्प्रिंग' हा जपानी चित्रपट घ्या. विधुर वडिलांना सोडून जायला तयार नसलेल्या नोरिकोच्या लग्नाची ही गोष्ट. पण त्यात लग्नसोहळा नाही आणि नवरा मुलगा तर एकदाही पडद्यावर येत नाही. दुसऱ्या एखाद्याने ज्या प्रसंगावर चित्रपटाचा कळस चढवला असता, तोच ओझू वगळतात, कारण येथे पेच जोडीदार निवडण्याचा नसून बापलेकीच्या ताटातुटीचा आहे. 'नो' या जुन्या जपानी नाट्यप्रकाराचा लांबलचक प्रयोगही परदेशी प्रेक्षकांसाठी मांडलेला देखावा नाही. प्रयोग रंगात आलेला असताना वडील समोरच्या एका विधवेला मान लववून अभिवादन करतात, नोरिको ते पाहते आणि वडील पुन्हा लग्न करणार या शंकेने इतकी व्याकूळ होते की रंगमंचाकडे तिचे लक्षच उरत नाही. (याच चित्रपटात सायकलच्या रस्त्यावर कोका-कोलाचा इंग्रजी फलकही आहे, अमेरिकी सैन्याच्या ताब्यातला जपान एवढ्यानेच कळतो.)

मात्र ही संयत मांडणी म्हणजेच जपान, असे समजू नये. पुढच्याच वर्षी अकिरा कुरोसावा यांनी 'राशोमोन'मध्ये एकच गुन्हा चार परस्परविरोधी कथनांतून मांडला.

आता अडथळ्यांविषयी. अब्बास कियारोस्तामी यांच्या १९८७ सालच्या इराणी चित्रपटात अहमद नावाचा शाळकरी मुलगा चुकून घरी आलेली मित्राची वही परत करायला निघतो. चित्रपटात खलनायक नाही, तरी प्रत्येक मोठे माणूस त्याला अडवते. आजोबा तर सिगारेट खिशात असूनही त्याला सिगारेट आणायला पिटाळतात आणि शेजाऱ्याला कारण सांगतात: वडील आपल्याला आठवड्याला एक नाणे आणि पंधरवड्याला एकदा मार देत, नाणे द्यायला ते कधी विसरत, मार द्यायला मात्र नाही. मुलाने काहीच चूक केली नाही तर, असे शेजारी विचारतो, तेव्हा काहीतरी निमित्त शोधायचे, असे आजोबा शांतपणे सांगतात.