१ तास ४० मिनिटं

(काळा पडदा. इंजिनाची संथ घरघर.)

या विमानाच्या कॉकपिट रेकॉर्डरमध्ये शेवटची २ तास ५ मिनिटं सापडली. त्यातली पहिली १ तास ४० मिनिटं कॅप्टनचा एक शब्द नाही. ऐकू येतात ते जड श्वास, आणि घोरणं.

२२ मे २०१०ची पहाट. दुबईहून मंगळूरला निघालेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं बोइंग ७३७. आत १६६ माणसं.

कॅप्टनना जाग येते तेव्हा मंगळूर जवळ आलेलं. तिथलं रडार नेमकं बंद, त्यामुळे खाली यायला सुरुवातच उशिरा झालेली. धावपट्टी डोंगरमाथ्यावर, पुढे दरी. विमान मात्र हवं त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर.

रात्रीच्या ट्रकमध्ये क्लीनर ड्रायव्हरला बोलतं ठेवतो. इथे सहवैमानिक जागा होता, बोलतही होता. तीनदा म्हणाला, गो अराउंड. उतरू नका, पुन्हा वर घ्या. धोक्याच्या सूचना वाजतच होत्या. तरी कॅप्टन उतरले. ८,०३३ फुटांच्या धावपट्टीतले ५,२०० फूट मागे पडल्यावर चाकं टेकली.

१५८ जण गेले. ८ वाचले.

(चौकशी अहवालाची पानं.)

चौकशी झाली एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली. अहवालाने मुख्य ठपका कॅप्टनवर ठेवला, पण कारणांमध्ये लांबलेली झोपही नोंदवली. गाढ झोपेतून उठलेल्या माणसाचे डोळे उघडतात, डोकं बराच वेळ गुंगीतच असतं. म्हणूनच काही देशांत वैमानिकाला रीतसर डुलकी घेऊ देतात, पण ती छोटी, आणि उतरण्याच्या बरीच आधी.

कॅप्टन तर नुकतेच रजेवरून परतले होते. पण रजेतली झोप साठवून ठेवता येत नाही. पहाटे २ ते ६ या वेळात शरीर झोपच मागतं, ड्युटीचा तक्ता काहीही म्हणो.

(विमानतळावरची गर्दी. डिसेंबर २०२५.)

भारतात वैमानिकांच्या ड्युटीचे आणि विश्रांतीचे नवे नियम पूर्णपणे लागू व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीच्या ड्युटीतली लँडिंग ६ वरून २ वर आली. महिन्याभरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. नियम आधीच ठाऊक होते, वैमानिक तेवढे नव्हते. मग कंपनीला १० फेब्रुवारी २०२६पर्यंत सवलत मिळाली.

सवलत होती रात्रीच्याच नियमांतून.