ल्हासा अप्सो: घराच्या आतला राखणदार

बेल वाजायच्या आधीच, नुसती लिफ्ट मजल्यावर थांबली की हा उठून दारापाशी जातो, आणि मग जो आवाज काढतो तो ऐकून नवीन माणसाला वाटतं आत केवढं मोठं कुत्रं आहे! दार उघडावं तर जेमतेम 10-11 इंच उंच, 6-7 किलो वजन, अंगभर लांब केस.

हा ल्हासा अप्सो, मूळचा तिबेटचा. तिकडे मठाबाहेर, वाड्याबाहेर दांडगे मॅस्टिफ जातीचे कुत्रे राखणीला असायचे आणि आत हा. कोणी नजर चुकवून आत शिरलंच तर भुंकून सगळ्यांना जागं करायचं हे त्याचं काम. भेट म्हणूनच तो द्यायची पद्धत होती, 1933 च्या सुमारास तेराव्या दलाई लामांनी सायडम कटिंग या अमेरिकन प्रवाशाला ल्हासाची जोडी दिली, तिथून पुढे अमेरिकेत ही जात वाढली.

हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडे लोक त्याला शिह त्झूसारखाच (तसाच दिसणारा, पण कोणाकडेही पटकन जाणारा छोटा कुत्रा) समजून आणतात आणि मग म्हणतात हा पाहुण्यांकडे जात नाही, हट्टी आहे. अहो तो हट्टी नाही, तो आधी माणूस पारखतो! पाहुण्यांना सांगा, लगेच उचलू नका, शांत बसा, तो स्वतःहून वास घ्यायला येईल. पिल्लू असतानाच, पहिल्या तीन-चार महिन्यांत वेगवेगळी माणसं, रिक्षाचा आवाज, कुकरची शिट्टी सगळ्याची सवय लावा. रागावून तो काही शिकत नाही, पाच-पाच मिनिटं खाऊ देत शिकवलं तर छान शिकतो.

आता केस. वरवर ब्रश फिरवून भागत नाही, केसांचे भाग करून मुळापर्यंत कंगवा गेला पाहिजे, आणि ते रोज. गुंता होतो कुठे तर कानामागे, बगलेत, पट्ट्याखाली. आणि हे खूप जण चुकतात, गुंता न सोडवताच आंघोळ घालतात, पाणी लागलं की तो आणखी आवळतो आणि शेवटी कातडीपासून कापावा लागतो, कुत्र्याला फार दुखतं हो ते. आपल्या मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर फिरून आल्यावर पाय, पोट मुळापर्यंत कोरडं करायलाच हवं, नाहीतर ओल राहून खाज सुटते. रोज वेळ नसेल तर सरळ केस छोटे ठेवा, त्यात काही कमीपणा नाही, फक्त अगदी गुळगुळीत भादरू नका, ऊन लागतं कातडीला.

डोळ्यांवरचे केस मात्र रोज बघा. रबर लावून वर बांधा किंवा कापा. या जातीत डोळा कोरडा पडायचा त्रास होतो, तेव्हा घट्ट चिकट घाण यायला लागली, डोळा लाल दिसला किंवा तो पंजाने चोळायला लागला तर घरातलं कुठलंही ड्रॉप घालू नका, त्याच दिवशी व्हेटकडे न्या.