द्राक्ष तपासले, फवारणारा राहिला

श्रोतेहो, नमस्कार.

ऑक्टोबर छाटणी उरकली की तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या तालुक्यांतल्या बागांमधून भल्या पहाटे फवारणीच्या ब्लोअरचा आवाज सुरू होतो. पाऊस रेंगाळला, आभाळ भरून राहिले, की डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीने फवारण्या वाढतात. या बागांतले द्राक्ष युरोपला निघण्यापूर्वी किती चाळण्यांतून जाते, हे बागायतदार श्रोत्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. बागेची नोंदणी, फवारणीची वही, शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंतचा कालावधी, नमुना आणि शेवटी रेसिड्यूचा, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशाचा, रिपोर्ट. ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याचा अंश युरोपात किलोमागे 0.01 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. फळाची तपासणी इतकी बारीक होते. मात्र तेच औषध पंपात ओतणाऱ्या माणसाच्या रक्ताची तपासणी आपल्याकडे कोणी नेमाने करत नाही. फवारणीतली विषबाधा टाळण्यावर झालेल्या संशोधनाविषयी आज बोलताना मला हीच विसंगती आपल्यापुढे ठेवायची आहे.

फळाची ही व्यवस्थाही आपोआप उभी राहिली नाही. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे बागायतदारांच्या बोलीतले सीसीसी हे वेलीची वाढ रोखणारे औषध, युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि आपली द्राक्षे तिथे अडकली. तोपर्यंत आपल्या तपासणीच्या यादीत ते नावच नव्हते. यादीत नसलेले सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणून ते नाहीच असे आपण धरून चालतो. मोठा फटका बसला तेव्हा यादी सुधारली. फवारणाऱ्या मजुराच्या बाबतीत असा कंटेनर कुठे अडकत नाही, त्यामुळे त्याची यादी अजून कोरीच आहे.

ही तपासणी करता येते का? काही औषधांपुरती नक्की येते. ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटांतली कीटकनाशके शरीरातल्या कोलिनेस्टरेज नावाच्या विकराला निकामी करतात. हे विकर मज्जातंतूंचे संदेश वेळेवर थांबवते. ते कमी पडले की घाम फुटतो, लाळ सुटते, बाहुल्या आकसतात, उलट्या होतात आणि अखेरीस श्वास अडतो. हे विकर रक्तात मोजता येते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने 1974 पासून ही औषधे नियमित हाताळणाऱ्या कामगारांसाठी ती मोजणी बंधनकारक केली आहे. त्या नियमातली शहाणपणाची गोष्ट अशी, की हंगामापूर्वी प्रत्येकाचे स्वतःचे मूळ प्रमाण नोंदवून ठेवतात, कारण दोन निरोगी माणसांच्या आकड्यांत पुष्कळ फरक असू शकतो. पुढे ते प्रमाण मूळच्या 80 टक्क्यांखाली गेले तर कामाची पद्धत तपासायची, आणि तांबड्या पेशींतले प्रमाण 70 टक्क्यांवर किंवा त्याखाली आले तर माणसाला त्या कामावरून बाजूला करायचे. म्हणजे त्याला उलटी होण्याची वाट पाहायची नाही. एक मर्यादा इथेच सांगितली पाहिजे: आपल्या बागांत मारली जाणारी बहुतेक बुरशीनाशके या तपासणीत दिसत नाहीत, त्यामुळे चांगल्या रिपोर्टचा अर्थ सगळे ठीक आहे असा होत नाही.

मागच्या हंगामात एका बागेत मी सकाळभर उभा होतो. ट्रॅक्टरवरच्या तरुणाने नाकातोंडाला टॉवेल गुंडाळला होता. हातमोजे सीटखाली होते, नवे, पिशवीतच. नोझल तुंबले तेव्हा त्याने ते उघड्या हातांनी काढले, फुंकर मारून मोकळे केले आणि ओल्या बाहीने कपाळ पुसले. माणसांच्या त्वचेवर पॅराथिऑन लावून अमेरिकेत पूर्वी झालेल्या अभ्यासात कोपरापुढच्या हातापेक्षा कपाळातून सुमारे चौपट औषध शरीरात गेल्याचे दिसले होते. हातमोजे का घातले नाहीत, असे विचारल्यावर तो म्हणाला, “साहेब, अकराच्या उन्हात ते घालून बघा एकदा.” मी घालून पाहिले. दहा मिनिटांत आत पाणी साचले. त्याला बेफिकीर म्हणण्याचा माझा धीर झाला नाही.

कामगारांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणारे म्हणूनच उपायांची एक उतरंड मांडतात. सर्वांत वर धोकादायक वस्तूच काढून टाकणे, मग तिच्या जागी कमी घातक वस्तू आणणे, मग यंत्रात सुधारणा, मग कामाच्या वेळा बदलणे, आणि सर्वांत शेवटी मोजे-मुखवटे. आपल्याकडची शिबिरे मात्र नेमकी शेवटच्या पायरीवर भरतात, कारण ती स्वस्त असते आणि फोटोही बरा येतो. वरच्या पायरीने काय साधते, ते श्रीलंकेत दिसले. तिथे 1984 पासून टप्प्याटप्प्याने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आली. 1995 साली मोनोक्रोटोफॉस आणि मेथामिडोफॉस बंद झाली, 1998 साली एंडोसल्फान. विष पिऊन जीव देण्याचे प्रमाण तिथे भयंकर होते. 1995 नंतरच्या वीस वर्षांत देशातल्या एकूण आत्महत्यांचे प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी उतरले, आणि पिकांचे उत्पादन त्या बंदीमुळे घटल्याचे अभ्यासकांना आढळले नाही. रागाच्या भरात हात जिथे जायचा, तिथली बाटली कमी घातक झाली होती. आपल्या देशानेही 2018 च्या आदेशाने 18 कीटकनाशके मोडीत काढली. मात्र 2017 साली यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जीव गेल्यानंतरचे हे पाऊल होते.

सांगली-मिरजेत रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांना तोटा नाही, आणि फवारणीची वही निर्यातदार बागायतदार आधीच ठेवतो. त्याच वहीत फवारणाऱ्याचे नाव, कामाचे तास आणि छाटणीपूर्वी घेतलेले कोलिनेस्टरेजचे मूळ प्रमाण, असे तीन रकाने वाढवता येतील. गावोगावच्या द्राक्ष बागायतदारांनी एकत्र येऊन दोन-तीन हंगाम हे केले, तर कोणत्या औषधाने, कोणत्या पंपाने, कोणत्या महिन्यात माणसाचे हे प्रमाण खाली उतरते हे आपल्याच मातीतून कळेल. कॅलिफोर्नियाच्या आकड्यांवर विसंबून राहावे लागणार नाही.

तोवर या हंगामापुरते एवढे करावे. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत. आणि फवारणारा घामाघूम होऊन उलट्या करू लागला, तर उन्हाचा त्रास समजून लिंबूपाणी देत बसू नये. अंगावरचे कपडे काढून साबणाने अंग धुवावे, तातडीने दवाखाना गाठावा आणि औषधाचा डबा लेबलसकट सोबत न्यावा. कोणत्या गटाचे विष आहे हे डॉक्टरांना त्या लेबलावरूनच लवकर समजते.