पाचवी खेळी

मे महिन्यातलं जळगाव. सकाळी नऊलाच हॉलचे पंखे गरम हवा फिरवताहेत. चोपडा, रावेर, अमळनेरहून पहिल्या एसटीने आलेली मुलं बुद्धिबळाच्या पटासमोर बसली आहेत. वेळ प्रत्येकी ९० मिनिटं, वर दर खेळीला ३० सेकंद.

या पटावर इटालियन नावाची सुरुवात चालू आहे. राजापुढची प्यादी ई४ आणि ई५ वर (अक्षर उभ्या पट्टीचं, आकडा पांढऱ्याच्या बाजूने मोजलेल्या आडव्या रांगेचा), दोन्हीकडचा एकेक घोडा बाहेर, पांढऱ्याचा उंट सी४ वर. काळ्याने दुसरा घोडा एफ६ वर काढला आणि चौथ्या खेळीला पांढऱ्याचा घोडा थेट जी५ वर उतरला. घोडा आणि उंट, दोघांचा डोळा एफ७ वर. त्या प्याद्याला राजाशिवाय कुणाचाच जोर नसतो.

काळा डी५ खेळून उंटाची वाट अडवतो. हे बरोबर. पांढरा ते प्यादं मारतो.

आता काळ्याचा हात बघा. एफ६ च्या घोड्याकडे निघालाय. समोरचं प्यादं फुकट दिसतंय. घड्याळात जवळपास पूर्ण दीड तास शिल्लक आहे, तरी घाई! बोट लागलं की नियमाने तोच घोडा खेळावा लागतो.

घोड्याने डी५ वर मारलं, की पांढरा घोडा एफ७ वर: वजीर आणि हत्ती एकदम माऱ्यात. राजा त्याला मारतो. मग वजीर एफ३, शह, आणि डी५ चा घोडाही माऱ्यात. तो राखायचा तर राजाला ई६ वर, भर पटात यावं लागतं. पांढऱ्याचा दुसरा घोडा सी३ वर येतो. काळ्याकडे एक घोडा जास्त आहे, पण पटासमोर बसून हा बचाव शोधणं मोठ्यांनाही जड जातं.

खरी खेळी काळ्याच्या आधी बाहेर आलेल्या घोड्याची: ए५, उंटावर. उंट बी५ वर शह देतो. प्यादं सी६ वर ढकलून आड या, पांढरं प्यादं तिथे मारेल, बी-प्याद्याने त्याला मारा. एक प्यादं कमी झालं, होऊ द्या. उंट ई२ वर परततो. प्यादं एच६ वर ढकलून पांढऱ्याचा घोडा हुसका, तो एफ३ वर जातो; ई५ चं प्यादं ई४ वर ढकलून पुन्हा हुसका, तो ई५ वर.

पांढऱ्याच्या दहा खेळ्या मोजा. घोडा चारदा, उंट तीनदा, एकच प्यादं तीनदा, आणि तेही मेलेलं. बाकी सगळं सैन्य जागेवर. काळ्याच्या दोन्ही उंटांच्या वाटा मोकळ्या आहेत. त्यातला एक डी६ वर येतो, त्याच घोड्यावर.