पोकर: हातात काही नसताना

लास वेगास, मे 2003. बिनियन्स हॉर्सशू कॅसिनो. 839 जणांनी सुरू झालेल्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत आता दोघेच उरलेत. एक मुरलेला सॅमी फराह, दुसरा टेनेसीचा अकाउंटंट ख्रिस मनीमेकर. हो, आडनाव खरंच तेच.

खेळ आहे टेक्सास होल्डम. पानं वाटायच्या आधीच एकाला छोटा ब्लाइंड, म्हणजे पानं न बघता लावायची सक्तीची रक्कम, भरावा लागतो, दुसऱ्याला साधारण त्याच्या दुप्पट. तीन पत्तीत बूट सगळे भरतात; इथे टेबल कितीही मोठं असो, ब्लाइंड दोघांनाच, आणि ती पाळी दर डावाला पुढे सरकते.

प्रत्येकाला दोन पानं, उपडी. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती. फराहकडे इस्पिकची राणी आणि बदामची नव्वी. पैसे लावायची पहिली फेरी इथेच: बरोबरी करा, वाढवा, नाहीतर पानं टाका.

मग मधोमध तीन पानं उघडतात. हा फ्लॉप: इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की. पुन्हा फेरी. चौथं पान, टर्न: इस्पिकची अठ्ठी. पुन्हा फेरी. पाचवं, रिव्हर: बदामची तिर्री. आपली दोन आणि मधली पाच, या सातांतून ज्याची पाच पानं सरस, तो जिंकला.

फराहची नव्व्यांची जोडी लागलीय. मनीमेकरला कलरसाठी आणखी एक इस्पिक हवं होतं, किंवा सिक्वेन्ससाठी पंजी किंवा दश्शी. आली तिर्री. हातात काहीच नाही.

त्यानं सगळे चिप्स पुढे सरकवले. ऑल इन.

फराह विचार करत बसला. बराच वेळ. आणि त्यानं जोडी टाकून दिली. समोरच्यानं पानं टाकली की तुमची दाखवायची सक्ती नाही, पॉट, म्हणजे मधे जमलेले सगळे पैसे, तुमचा.

तीन पत्तीवाल्यांनी एक लक्षात ठेवा. तिथे सिक्वेन्स कलरला हरवतो, इथे उलट. पाच पानांत सरळ क्रम 10,200 प्रकारे लागतो, एकाच रंगाची पाच पानं फक्त 5,108 प्रकारे. दुर्मीळ ते भारी.

शेवटच्या डावात मात्र मनीमेकरकडे खरोखर पानं होती: तीन पंज्या, दोन चार. फुल हाउस. 25 लाख डॉलर.