म्हैस बरी आहे, असं लिहा

(साताऱ्यातल्या एका व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, समोर बसलेले माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्या मायबहिणींनो,

विषय छापलाय 'परमुलखातला जवान आणि घरची खुशाली'. साताऱ्यात याला प्रस्तावना लागत नाही. अपशिंग्याला मिलिटरी अपशिंगे का म्हणतात, हे इथल्या पोराला शाळेत जायच्या आधी ठाऊक असतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले, तिथं इंग्रजांनी स्मारक उभं केलं. आपण शिलालेख जपतो, पदकं जपतो, जवानानं घरी पाठवलेली पत्रंही थोडीफार जपतो. मला विचारायचंय ते घरून जवानाला गेलेल्या पत्रांबद्दल. ती कुठं आहेत? ती पलटणीबरोबर हिंडली, भिजली, बदलीच्या वेळी ट्रंकेतून बाहेर पडली. बोलणं दोघांचं होतं आणि आपल्या हाती एकाचंच राहिलं. हरवलेलं बहुतेक बायकांचं आहे.

एक हकीकत सांगतो. जरा लांबेल, पण ती सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही.

कोरेगावकडच्या एका आजींची आहे. नाव सांगणार नाही, तसा शब्द दिलाय. त्यांचे मालक गाझापट्टीत होते. १९५६ साली सुएझवरून लढाई झाली, त्यानंतर संयुक्त राष्ट्रसंघानं तिथं शांतिसेना बसवली. ती १९६७ पर्यंत होती आणि आपले जवान तिच्यात होते. आजींनी पाकिटं ठेवलीत. देवळीत दिव्यामागं ठेवलेली, त्यामुळं कडा तेलकट झाल्यात, पण तिकिटं शाबूत आहेत. एकावर नेहरूंचं तिकीट आहे, त्यावर 'यूएनईएफ', म्हणजे त्या शांतिसेनेचं आखूड नाव, अशी इंग्रजी अक्षरं वरून छापलेली. १९६५ साली आपल्या पोस्टानं खास त्या फौजेसाठी काढलेलं तिकीट ते. असं याआधीही झालंय. १९५३ साली कोरियात गेलेल्या आपल्या फौजेला दिलेल्या तिकिटांवर तर चक्क देवनागरी होती: 'भारतीय संरक्षा कटक कोरिया'. कटक म्हणजे फौज. तिकिटं जमवणाऱ्यांना हे माहीत असतं, आपल्याला नसतं. असो, म्हशीकडं येतो.

पत्र यायचं सासऱ्यांच्या नावानं. तीर्थरूप आबांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष, इकडील सर्व क्षेम. मग पाऊस, सोसायटीचं कर्ज, धाकट्याची शाळा. बायकोला वेगळं लिहायची तेव्हा रीत नव्हती, ती 'घरच्या सर्वांना' यातच. पण प्रत्येक पत्रात एक चौकशी हमखास असायची. म्हैस कशी आहे? खाते-पिते का? तिला एकटं वाटू देऊ नका.

हसताय तुम्ही. सासरेही खूश व्हायचे. पोरगं समुद्रापलीकडं गेलं तरी गोठा विसरलं नाही! ते उलटटपाली दूध किती, पेंड कुठली, सगळं तपशिलानं कळवायचे. आणि ती म्हैस होती आजींच्या बापानं लग्नात दिलेली. माहेरची.

(हशा) आता कळलं सगळ्यांना.

पुढं सासूबाई आजारी पडल्या. साताऱ्याला दवाखाना झाला, खर्च झाला आणि म्हैस विकली. कागद लिहायला शाळेतले गुरुजी आले. सासरे म्हणाले, "म्हस इकल्याचं घालू नका, जिवाला लागंल त्याच्या." गुरुजींनी म्हशीचं टाळलं आणि शेवटचा नमस्कार लिहायला घेतला. तेवढ्यात दाराआडून सूनबाई बोलल्या. सासऱ्यांसमोर आवाज न काढणारी बाई ती.

"गुरुजी, ल्हिवा, म्हस बरी हाय. वाट बगती."

सासऱ्यांनी वर पाहिलं. "कंची म्हस?" म्हणाले आणि तिथंच थांबले. मग टोपी काढून मांडीवर ठेवली, म्हणाले, "ल्हिवा गुरुजी. सूनबाई सांगती तसंच ल्हिवा."

तो कागद मला बघायचाय. तो नाही. मालकांची पत्रं देवळीत आहेत, हिचं ते एक वाक्य गाझात गेलं आणि संपलं. माझा राग याच्यावर आहे. एका घरी तर दोन्ही बाजूंची पत्रं होती. त्या जवानानं बायकोचा प्रत्येक कागद जपून परत आणला होता. घर नवं बांधताना ती पेटी रद्दीत गेली. पदकं मात्र काचेच्या चौकटीत आहेत. मला त्या चौकटीपुढं उभं राहवलं नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. ज्यासाठी आलो ते आता भराभर सांगतो.

१९१४ साली आपली फौज फ्रान्सला गेली, तेव्हा हिंदी टपाल तपासायला बुलोनला सेन्सॉर बसवला होता. त्यानं निवडलेले पत्रांचे उतारे इंग्रजीत उतरवले, आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यात हिंदुस्थानातून आलेली पत्रंही आहेत. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांचं लिहिणं कुठं टिकलं असेल तर ते संशय घेणाऱ्याच्या दप्तरात, परक्या भाषेत. आताच्या इराकमधल्या कूट गावच्या वेढ्यात डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ ला शरणागती होईपर्यंत मराठा पलटणी अडकल्या होत्या. आपल्याकडं 'बसऱ्याला गेला' म्हणतात ती मोहीम. त्या महिन्यांत इथल्या घरांत काय चाललं होतं, त्याचा कागद कुणाकडं असेल तर मला सांगा, मी चालत येईन.

आणि हे जुनंच दुखणं समजू नका. आज आपली पोरं काँगोत, दक्षिण सुदानमध्ये, लेबनॉनमध्ये आहेत. पूर्व काँगो आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं. इथं रात्री नऊला लेकरं झोपायला आली की तिथं साडेपाच वाजलेले असतात, तेवढ्यात व्हिडिओ कॉल. सासू दवाखान्यात असली तर जवानाची बायको मोबाइल कुठल्या भिंतीकडं धरायचा ते आधी ठरवते. म्हैस बरी आहे म्हणायचं काम अजून तिच्याकडंच आहे, फक्त आता चेहऱ्यानं करायचं. आणि फोन बदलला की सगळं गेलं.

म्हणून मागणी एवढीच. या वाचनालयानं एक कपाट आणि एक स्कॅनर द्यावा. कॉलेजच्या मुलांनी गावोगाव जावं, पत्राचा फोटो घ्यावा, मूळ कागद घरीच ठेवावा. आजींना आधी विचारावं. ज्या पानाला त्या 'नको' म्हणतील ते झाकून ठेवावं. जिथं पत्र नाही तिथं त्यांच्या तोंडून ऐकून, त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावं, शुद्ध करू नये. व्हॉट्सॲपवरचे आवाजही घ्यावेत.

आणि आज घरी जाऊन करायचं ते. गंजलेल्या टाचण्या काढा. कागद लॅमिनेट करू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, आपल्या पावसात बुरशी धरते. धुतलेल्या सुती फडक्यात ठेवा. आणि नातवानं मागितलं तरी पाकिटावरचं तिकीट कापून देऊ नका, शिक्क्यावरची तारीख त्याच्याबरोबर जाते.