सरकारनं पाळलेला वार

व्यासपीठावरची ज्येष्ठ मंडळी आणि माझ्या आया-बहिणींनो, भावांनो, नमस्कार.

कोरोनावर बोला असं व्याख्यानमालेच्या मंडळींनी सांगितलं, तेव्हा आकडे मी सांगणार नाही अशी अट मी घातली. आकडे पेपरात येऊन गेलेत, सरकारच्या दप्तरात आहेत. मला बोलायचंय ते त्या वर्षातल्या आमच्या हसण्याबद्दल. आमच्या घरात एक माणूस रोज, ठरवून, सगळ्यांना हसवत होतं. धारा काढणं, भाकरी थापणं ही जशी कामं, तसंच तेही काम होतं, आणि ते माझ्या सासूबाईंनी अंगावर घेतलं होतं. सगळं गाव त्यांना आज्जीच म्हणतं, मीही आज तसंच म्हणते.

आमचं गाव कर्नाटकात, बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर, उचगावच्या पुढं. शिनोळी लागली की महाराष्ट्र. आमच्या लेकीबाळी तिकडं दिलेल्या, तिकडच्या इकडं आलेल्या. पलीकडच्या चंदगड तालुक्यातल्या माणसाला बाजार म्हटलं की बेळगाव, दवाखाना म्हटलं की बेळगाव. ही हद्द नकाशात होती, पायाला कधी लागत नव्हती. 2020 साली ती पायाला लागली.

लॉकडाऊनचा पहिला दिवस 25 मार्च, आणि त्याच दिवशी गुढीपाडवा. आदल्या रात्री आठ वाजता घोषणा झाली, त्यामुळं साखरेच्या गाठी आणायच्या राहून गेल्या. माझ्या धाकट्यानं बिस्किटं दोऱ्यात ओवून माळ केली आणि गुढीला घातली. अर्ध्या तासात एक कावळा आला आणि माळेतलं बिस्किट घेऊन उडाला. घरात सगळ्यांचे चेहरे रात्रीपासून उतरलेले. आज्जी अंगणात येऊन वर बघत म्हणाल्या, "आरं, ह्याला कुणी सांगितलं न्हाई काय, बाहेर पडायचं न्हाई म्हणून?" त्या घरात पहिलं हसू तेव्हा फुटलं.

लॉकडाऊन म्हणजे काय हे आज्जींना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. गावदेवीचे वार पाळायची आमच्या भागात जुनी चाल आहे. वाराच्या दिवशी शेतात जायचं नाही, औत धरायचं नाही, गावाबाहेर पडायचं नाही. आज्जी म्हणाल्या, "सरकारनं वार पाळलाय. पाळायचा." झालं. टीव्हीवरच्या तासाभराच्या चर्चेपेक्षा हे घराला लवकर पटलं. माझं मत विचाराल तर आरोग्य खात्याच्या माणसांनी गावोगावी हेच सांगायला हवं होतं. लोकांना रोग माहीत नव्हता, वार माहीत होता.

मग तो फोन. तुम्हाला आठवत असेल, त्या दिवसांत कुणालाही फोन लावला की आधी खोकल्याचा आवाज यायचा आणि मग एक बाई सूचना सांगायच्या. आज्जी रोज संध्याकाळी चंदगडला लेकीला, म्हणजे माझ्या नणंदेला, फोन लावायला सांगत. फोन कानाला लावला की खोकला. पहिल्या दिवशी त्या घाबऱ्या झाल्या, "पोरीला खोकला लागलाय गं!" खरं काय ते कळल्यावर मात्र त्या रोज त्या बाईंशी बोलायला लागल्या. "व्हय बाई, धुतले हात. व्हय, तोंड झाकलंय. आता लेकीला दे की जरा." पोरं फोनभोवती गोळा व्हायची ती हे ऐकायला.

त्याच नणंदेच्या थायरॉइडच्या गोळ्या नेहमी बेळगावातून जायच्या. रस्ता बंद झाला, आणि त्यांच्या गावात त्या मिळेनात. आमच्याकडून भाजीचा टेम्पो घेऊन जाणाऱ्या एका माणसानं गोळ्या नाक्यापर्यंत नेल्या. नाक्यावर आमच्या बाजूचा पोलीस कानडी, पलीकडचा मराठी. आमच्या पोलिसानं पुडकं उघडून बघितलं, चिठ्ठी वाचायला सांगितली, आणि स्वतः चालत जाऊन बॅरिकेडपलीकडच्या हातात दिलं. पलीकडं भाचा सायकल घेऊन उभा होता. त्या पोलिसाचं नाव आम्हाला ठाऊक नाही. पुढच्या महिन्यात तोच टेम्पोवाला, तोच नाका. ह्यावेळी आज्जींनी गोळ्यांबरोबर भाकरी आणि शेंगाचटणीचं वेगळं गाठोडं दिलं, आणि त्यावर बजावून सांगितलं, हे मधल्या माणसासाठी.

शेतात तेव्हा कोबी उभा होता. आमच्या भागातली भाजी बेळगाव मार्केटमधून गोव्याला जाते, हे तुम्ही जाणता. हॉटेलं बंद, लग्नं बंद, गाड्यांचे हाल. काढणीची मजुरी निघेना असा भाव झाला. कितीतरी शेतकऱ्यांनी उभ्या पिकात जनावरं सोडली. आम्ही निम्मा कोबी गल्लीत वाटला, उरलेला खाल्ला. कोबीची भाजी, कोबीची भजी, कोबीचं थालीपीठ, आणि एकदा तर आंबोळीत लपवलेला कोबी. माझी थोरली ताटावर बसून हात जोडायची, "देवा, आज वांगं दिस की." कर्ज तेवढंच होतं, ते हसून कमी झालं नाही. खरं त्या ताटाभोवती माझ्या मालकांना मी पुन्हा बोलताना बघितलं, नाहीतर कोबी पडून राहिल्यापासून त्यांनी तोंड मिटलेलं होतं.

थोरलीची त्या वर्षी दहावी. तिकडं महाराष्ट्रात 23 मार्चचा भूगोलाचा पेपर आधी पुढं ढकलला आणि मग रद्दच झाला. भाच्याला भूगोल माफ! इकडं कर्नाटकात 25 जूनपासून सगळे पेपर झाले, मास्क लावून, ताप तपासून, लांब लांब बसवून. ही रोज फोनवर त्याच्याशी भांडायची. आज्जी मध्ये पडल्या, "तू सगळा लिवलास, तुला जास्त येतंय. त्याला उद्या रस्ता चुकला तर तूच आणशील घरी." पेपरच्या आदल्या रात्री तिच्या शाळेतल्या बाई एकेका मुलीला फोन करून झोप म्हणून सांगत होत्या. हे त्यांना कुठल्याही परिपत्रकानं सांगितलेलं नव्हतं.

मे महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न. पन्नास माणसांची मर्यादा, आणि हद्द ओलांडली तर परतताना क्वारंटाइन. आज्जींची सख्खी नात, हाकेच्या अंतरावर, आणि जायचं नाही. सकाळपासून त्या गप्प होत्या. मग उठल्या, ट्रंकेतलं इरकल नेसल्या, नथ घातली, अक्षता हळदीत भिजवल्या आणि फोनसमोर पाटावर बसल्या. मंगलाष्टकं सुरू झाली. शेवटच्या कडव्याला फोनचं चित्र थिजलं. अंतरपाट तसाच धरलेला, नवऱ्याची मान वाकडी, भटजींचं तोंड उघडं. आम्ही सगळे श्वास धरून. आज्जी ओरडल्या, "आरं सोडा की तो अंतरपाट, किती वेळ उभं करता पोराला!" आणि मूठभर अक्षता फोनवर टाकल्या. चित्र तेवढ्यात हललं, तिकडं टाळ्या वाजल्या, आणि घरात सगळे हसत रडत होते. त्या अक्षता फोनच्या कव्हरात बरेच दिवस सापडत होत्या.

ऑगस्टमध्ये विद्यागम सुरू झालं. शाळा बंद, म्हणून शिक्षकच गावात येऊन देवळाच्या कट्ट्यावर, झाडाखाली मुलांना बसवायचे. आज्जी पाठीमागं जाऊन बसायच्या. एकदा सरांनी गणित घातलं, कोबी किलोला वीस रुपये, तर पाच किलोचे किती? आज्जी उठून उभ्या राहिल्या. "सर, कुठल्या बाजारात हाय हा भाव? सांगा, उद्याच घेऊन जातो." सर मनापासून हसले आणि गणितात कोबीऐवजी काजू घेतले. ऑक्टोबरमध्ये संसर्गाच्या भीतीनं ते वर्ग थांबवले, पण त्या दोन महिन्यांत माझा धाकटा जेवढं शिकला तेवढं मोबाईलवर वर्षभर शिकला नाही. त्या सरांचे उपकार मी इथं जाहीरपणे मानते.

सप्टेंबरात मालक पॉझिटिव्ह निघाले, आणि त्याच आठवड्यात आमचे चुलत सासरे गेले. मातीला चार माणसं. त्यावर मी जास्त बोलणार नाही. आमच्या आशाताई रोज दारात उभ्या राहून ऑक्सिजन मोजायच्या. जुलैमध्ये त्यांच्या संघटनेनं दरमहा 12 हजार रुपये निश्चित मानधनासाठी राज्यभर संप केला होता. जीव धोक्यात घालणाऱ्या बाईनं एवढं मागितलं, ही मागणी मला कधीच जास्त वाटली नाही.

त्याच रात्रींपैकी एका रात्री चुलीपाशी मी आज्जींना विचारलं, "आत्या, तुम्हाला भीती वाटत नाही?" त्या म्हणाल्या, "वाटतिया की. खरं माझी आजेसासू सांगायची, प्लेगात गाव सोडून समदी शेतात खोपी घालून राहिली. रोज कोण ना कोण जायचं. तरी रात्री बाया जात्यावर ओव्या म्हणायच्या, एकमेकींच्या सासूवर. पोरं हसली तर झोपतात. झोपली तर जगतात." तेव्हा मला कळलं, कावळा, खोकला, अंतरपाट, सगळं त्या जाणून करत होत्या.

जानेवारी 2021 मध्ये लस बेळगावात आली ती टिळकवाडीच्या वॅक्सिन डेपोत. त्याच आवारात एके काळी देवीची लस तयार व्हायची, वासरांच्या कातडीवर. मार्चमध्ये साठीच्या वरच्यांचा नंबर लागला आणि आज्जींना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. टोचून झाल्यावर अर्धा तास बाकावर बसवतात. दंडावरचा देवीचा जुना व्रण दाखवून त्या शेजारच्यांना सांगायला लागल्या, "ही वासराची, आणि आजची कुणाची ते विचारून या कुणीतरी. रातच्याला हंबरायला लागले तर सुनेनं वैरण टाकायला नको काय?" सगळा बाक हसायला लागला, एकाचा मास्क हनुवटीवर आला, आणि आतून नर्सबाई येऊन ओरडल्या, "आज्जी, आधी सगळ्यांना मास्क वर करायला सांगा!"